बघा, थांबा, बोला

सोमवार, ४ मार्च. सकाळी सहा.
आजपासून रोजनिशी. निवृत्तीनंतरचं अख्खं वर्ष वाया गेलं, त्याला घरचे लोक जबाबदार. आता शिस्त. रोज सकाळी चालायला जाणं. गोड पूर्ण बंद (रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर नुसतेच माझ्याकडे बघत बसले होते). आणि मुख्य म्हणजे, उभा जन्म कॉलेजात गणित शिकवून जे कमावलं ते समाजाला परत देणं.

सकाळी आठ.
चालायला गेलो नाही. एकच मोजा सापडला.

मंगळवार, ५ मार्च.
ताईचा फोन. तिची लेक, म्हणजे माझी भाची, एकवीस वर्षांची आहे. घरात सगळे तिला सरकार म्हणतात, कारण त्या घरात चालतं ते तिचंच. बौद्धिक अपंगत्व जन्मापासूनचं. विशेष शाळेत मोठ्या मुलांचा कामाचा वर्ग असतो, तिथे जाते. शाळेजवळच्या बेकरीत पॅकिंगला एक माणूस घ्यायचंय, एप्रिलच्या मध्यात ट्रायल आहे. एका बॉक्समध्ये सहा बन भरायचे, झाकण लावायचं, पुढचा बॉक्स घ्यायचा. सरकारने त्या नोकरीवर जीव टाकलाय. तिथल्या बायका घालतात तशी पांढरी टोपी हवी आहे तिला. सध्या डोक्याला रुमाल बांधून आरशासमोर उभी असते म्हणे.

ताईने विचारलं ते एवढंच, की यांचा पाय मुरगळलाय, तर थोडे दिवस तू तिला शाळेत सोडशील का. पण सख्ख्या बहिणीला सगळं तोंडाने बोलून दाखवावं लागत नाही. तिला गणितच म्हणायचं होतं. हो म्हणालो.

ही म्हणाली, अहो, तिने फक्त सोडायला सांगितलंय. हिला ओळींच्या मधलं वाचता येत नाही, हा आमचा जुनाच प्रॉब्लेम.

गुरुवार, ७ मार्च.
शाळेत गेलो. मुख्याध्यापिका कामात होत्या. त्या हो म्हणेपर्यंत समोर बसून राहिलो. रोज चहानंतरचा अर्धा तास मिळाला.

वर्गबाई अगदीच तरुण. या विशेष मुलांना मी गणिताची गोडी लावतो, असं म्हणालो, तर म्हणाल्या, मुलं काय म्हणता सर, एकाला मिशा फुटल्यात. वर्गात तिघं. सरकार. दुसरा एक तरुण, त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंदच होत नाही. आणि आजोबा. आजोबांचं वय असेल अठरा, पण हात पाठीमागे बांधून चालतो आणि काहीही विचारलं की बघू म्हणतो.

पहिला तास: शून्याचं तत्त्वज्ञान. मी रंगात आलो होतो. रेडिओने मध्येच जाहीर केलं की तांत्रिक बिघाडामुळे हा कार्यक्रम इथेच थांबवत आहोत. आजोबा झोपले. सरकार म्हणाली, मामा, घरी जा आता.
निष्कर्ष: पाया कच्चा. शाळेचा दोष.

रविवार, १० मार्च.
दर रविवारी ताईकडे पत्ते. चॅलेंज. पत्ते पालथे टाकायचे, खोटं बोलायचं, ज्याने पकडलं तो जिंकला. आज माझं एकही खोटं चाललं नाही. तीन राजे म्हणालो की भावोजी चॅलेंज, दोन एक्के म्हणालो की ही चॅलेंज. खरं बोललो की सगळे चिडीचूप. वर्षानुवर्षं हेच चाललंय. संभाव्यतेच्या नियमांत हे बसत नाही. नियमांवर एकदा सविस्तर लिहायला हवं.

सरकार पत्ते खेळत नाही. भावोजींच्या खुर्चीच्या हातावर बसून माझ्याकडे बघत असते. मामाचा भारी लळा आहे तिला.

बुधवार, १३ मार्च. दुपारी.
सापडली! पद्धत सापडली!

टेबलावर चार मणी ठेवले. सरकारला विचारलं, किती. ती मण्यांकडे बघत बसली. मी म्हणालो, मण्यांकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ, लक्ष शिक्षकाकडे हवं. मग सोपं जावं म्हणून मीच एकेक आकडा सावकाश म्हणत गेलो. दोन? तीन? चार? चारला ती हो म्हणाली. पाच मणी ठेवले, बरोबर. सात ठेवले, बरोबर. माझ्या अंगावर काटा आला.

पद्धतीचं नाव: बघा, थांबा, बोला. शिक्षकाकडे बघा. घाई न करता थांबा. मग बोला. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही? (कारण बहुतेक शिक्षकांच्या चेहऱ्यावर बघण्यासारखं काही नसतं.)

आनंदाच्या भरात बेकरीतून बन आणले. शैक्षणिक साहित्य म्हणून. सहा आणले, शाळेत पोचेपर्यंत चार राहिले. साहित्याचा दर्जा तपासणं भाग होतं.

सोमवार, १८ मार्च.
रेडिओ आणि आजोबांनाही पद्धत लागू पडली. दोघांना ती सरकारने समजावली, मी चहा पीत असताना कोपऱ्यात नेऊन. माझ्याकडे बोटं दाखवून काहीतरी सांगत होती, मग तिघं खूप हसले. शिकण्यातला आनंद तो हाच.

वर्गबाईंचं मात्र वेगळंच चालतं. तासभर मोजे जोडत बसतात. मग खुर्च्या मांडायच्या आणि प्रत्येक खुर्चीपुढे एक पेला ठेवायचा. मग आकडा न म्हणता नुसतं विचारायचं, पुरतील का सगळ्यांना? कमी पडतील की उरतील? कसं कळलं? आज तर पुठ्ठ्याचा सहा खळग्यांचा ट्रे करून आणला. खळग्यात एकेक बन ठेवायचा, सगळे भरले की बॉक्समध्ये रिकामा करायचा. मी सौम्यपणे म्हणालो, बाई, हे गणित नाही, ही भांडी मांडणं आहे. त्या म्हणाल्या, सर, गणित आधी भांड्यांतच असतं. तरुण वय आहे. कळेल हळूहळू.

गुरुवार, २१ मार्च.
सतरा सक विचारलं. मी म्हणत गेलो, सत्त्याण्णव? एकशे एक? एकशे दोन? आणि एकशे दोनला तिघं एका सुरात हो!
सतरा सक! आमच्या बी.एस्सी.ची पोरं मोबाइल काढतात याला.
घरी येऊन हिला सांगितलं. हिने विचारलं, ती मुलं तुमच्या तोंडाकडे बघत होती का? म्हटलं, अर्थात, पद्धतच ती आहे. ही म्हणाली, तुम्हाला आरसा बघायची सवय नाही ना. विषयाशी संबंध काय?

मंगळवार, २६ मार्च.
पुस्तक लिहायला घेतलं. प्रस्तावना झाली. ऋणनिर्देश झाला (छोटा आहे, फार कुणाचं ऋण नाही). लेखकाचा फोटो काढून घेतला. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, डोक्यावर काहीच नाही आणि भुवया मात्र केवढ्या जोरदार आल्यात. ही नेहमी म्हणते, डोक्यावरचं सगळं पीक खाली उतरलंय. विद्वानांचं असंच असतं.
फक्त मधला मजकूर राहिलाय.

बुधवार, ३ एप्रिल.
आजोबांनी एकशे एकोणसत्तरचं वर्गमूळ सांगितलं. अकरा? बघू म्हणाला. बारा? बघू. तेरा? हो! मी टेबलाला धरून खाली बसलो.

वर्गबाईंनी एक विचित्र मागणी केली. म्हणाल्या, सर, एकदा त्यांच्याकडे पाठ करून विचारा ना. स्पष्ट नकार दिला. विद्यार्थ्यांकडे पाठ फिरवणं माझ्या रक्तात नाही. मग त्यांनी स्वतःच विचारलं, समोर किती मणी आहेत. रेडिओ म्हणाला, थोड्याच वेळात बातम्या. आजोबा म्हणाले बघू. सरकारने मला शोधायला मान वळवली. बाईंच्या आवाजात गणित नाही, दुसरं काय.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सर, ट्रायलला तिला ट्रे लागेल, तेवढं राहू द्या. त्यावर तिचा हात बसलाय. बघू, म्हणालो. (आजोबांचा शब्द आहे, पण सोयीचा आहे.)

मंगळवार, ९ एप्रिल.
बेकरीत जाऊन मालकीणबाईंना भेटलो. आमच्या मुलीची पूर्वकल्पना द्यावी म्हणून. त्या म्हणाल्या, शाळेच्या बाई बोलल्यात माझ्याशी, ट्रे वापरू दे, मला काही अडचण नाही. मी म्हणालो, ट्रे? मॅडम, ती सतरा सक सांगते. वर्गमुळाच्या वर्गात बसते. तिला पुठ्ठ्याचे खळगे देणं हा अपमान आहे. ढीग समोर ठेवा आणि एकेक आकडा म्हणत तोंडी विचारा. मालकीणबाईंचे डोळे विस्फारले. म्हणाल्या, असं? मग तसंच करू.
जिंकलो. येताना दोन बन खाल्ले. तोही आनंद साजरा करायला.

रविवार, १४ एप्रिल.
पत्ते. हरलो. आता वाईट वाटणंही बंद झालंय.

सरकारने जेवायची ताटं मांडली. भावोजी म्हणाले, मी नंतर जेवतो. तिने मुकाट्याने एक ताट उचलून ठेवलं. मग ते म्हणाले, बरं, बसतो. तिने परत आणलं आणि त्यांना झापलं, एकदा काय ते ठरवा. हिला कौतुक वाटलं. म्हणाली, बघा, बरोब्बर कळतं तिला. म्हटलं, जिला वर्गमूळ येतं तिच्या ताटं मांडण्याचं काय कौतुक.

ताई स्वयंपाकघरात मला म्हणाली, हे नाही जमलं ना, तर ती रडणार नाही. नुसता रुमाल घडी करून ठेवून देईल. तेच मला बघवणार नाही. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणालो, ताई, मी आहे ना. तिने माझ्याकडे बघून मोठा उसासा टाकला. सुटकेचा असावा.

मंगळवार, १६ एप्रिल. सकाळी सात.
आज ट्रायल. बूट, दोन्ही मोजे. विचारलं तर पद्धतीबद्दल चार शब्द बोलायचं ठरवलंय. भाषण खिशात आहे.

त्याच दिवशी. दुपारी दोन.
घडलं ते क्रमाने लिहितो.

पॅकिंगच्या खोलीत जायच्या आधी सगळ्यांना मास्क आणि टोपी. बेकरीचा नियम. टोपी अशी, की ओढली की थेट डोळ्यांपर्यंत खाली येते. मी, वर्गबाई आणि मालकीणबाई, तिघं सारखेच दिसायला लागलो. सरकारला पांढरी टोपी मिळाली, तेव्हा तिने दोन्ही हातांनी ती चाचपून बघितली. तिचं हसू मास्कमधूनही दिसलं. ट्रे बाहेर ठेवायला लावला होता. माझ्याच सांगण्यावरून.

मालकीणबाईंनी टेबलावर काही बन ठेवले आणि विचारलं, किती आहेत हे? चार? पाच? सहा?
सरकारने माझ्याकडे बघितलं.
मी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांनी खूप धीर दिला.
ती बघत राहिली. मान तिरकी करून बघितलं. वाकून टोपीच्या खालून बघायचा प्रयत्न केला. मालकीणबाईंनी परत विचारलं.
मग सरकार सरळ माझ्याजवळ आली, हात वर केला आणि माझी टोपी मागे सरकवली. म्हणाली, मामा, भुवया दाखव ना.

वर्गबाईंनी कपाळाला हात लावला. मालकीणबाई म्हणाल्या, हे काय? सरकारने त्यांना नीट समजावून सांगितलं. बरोबर आकडा आला की मामाच्या भुवया वर जातात. मग हो म्हणायचं. सोपं आहे. तुम्हीपण करा.

मालकीणबाईंनी सर्वांना हात परत धुवायला लावले आणि मला बाहेर जायला सांगितलं.

दाराशी बनची ढकलगाडी उभी होती. एक बन उचलला. तोंडाला कोरड पडली होती, डोकं गरगरत होतं, ही साखर कमी झाल्याची लक्षणं आहेत. बाहेर येऊन मास्क काढला, टोपी काढली आणि बन तोंडात कोंबून काचेच्या खिडकीशी उभा राहिलो.

आतलं ऐकू येत नव्हतं. वर्गबाई हात जोडून काहीतरी म्हणत होत्या. मालकीणबाई नकारार्थी मान हलवत होत्या. सरकार टोपीवर हात ठेवून उभी होती, कुणी काढून घेईल अशी भीती वाटावी तशी. इथपर्यंत मीच आणलं तिला. तो ट्रे मीच बाहेर ठेवायला लावला. तिचा रुमाल डोळ्यांसमोर आला, घडी केलेला. रडू आलं. (साखर कमी झाल्यामुळे.)

मग वर्गबाई धावत बाहेर आल्या, माझ्याकडे ढुंकूनही न बघता ट्रे उचलला आणि आत गेल्या.

गाडीवरचे बन टेबलावर आले. सरकारने ट्रे समोर ओढला. एका खळग्यात एक बन. भरला, रिकामा केला, झाकण. भरला, रिकामा केला, झाकण. इकडेतिकडे बघणं नाही, घाई नाही. तिला असं काम करताना मी कधी बघितलंच नव्हतं, कारण त्या वेळी मी स्टाफरूममध्ये प्रस्तावना लिहीत असायचो.

शेवटच्या ट्रेत एक खळगा रिकामा राहिला.
मालकीणबाईंनी हातानेच खूण केली, असू दे, लाव झाकण. सरकारने मान हलवली. परत खूण. परत नाही. तिने टेबलाखाली बघितलं. गाडी हलवून बघितली. वर्गबाईंना हात उघडून दाखवायला लावले. मग सावकाश वळून तिने काचेतून माझ्याकडे बघितलं.

मी अगदी शांत उभा होतो. चेहऱ्यावर काहीही येऊ दिलं नाही.
तिने बोट रोखलं. काचेतून आवाज येत नसला तरी तोंडाच्या हालचालीवरून कळलं. मामाने खाल्ला.

मालकीणबाई दार उघडून बाहेर आल्या. माझ्या शर्टाच्या पुढच्या बाजूकडे बघितलं. कण होते. म्हणाल्या, पूर्ण बॉक्स भरतील असेच मोजून ठेवले होते हो मी गाडीवर. मग म्हणाल्या, माझी माणसं खुशाल पाचावर झाकण लावतात आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडायला येतं. ही पोरगी मी सांगूनसुद्धा लावेना. सोमवारपासून येऊ दे तिला.
पण तुम्ही, म्हणाल्या, दुकानातूनच बन घेत जा.

टोपी तिने घरी येईपर्यंत काढली नाही. ताई दारातच रडली. मला म्हणाली, सगळं कळलं मला, जेवून जा आता.

बुधवार, १७ एप्रिल.
शांतपणे विचार केला. तो बन मी खाल्ला नसता तर तिची ही बाजू कुणाला दिसली असती? प्रसंग मीच निर्माण केला. पुस्तकात एक प्रकरण वाढवतोय: जाणीवपूर्वक ठेवलेली उणीव.

वर्गबाईंना भेटून माफ करून टाकलं. त्या हसल्या. म्हणाल्या, सर, एका अर्थी तुमचा तास चांगलाच झाला. कुणी न सांगता त्यांनी एक पॅटर्न ओळखला, चारवर तपासला, पाचवर तपासला आणि थेट वर्गमुळापर्यंत वापरला. शिवाय सरकारने तो बाकीच्या दोघांना शिकवला. गणिती विचार म्हणतात तो यालाच.
म्हणजे मी शिकवलंच की!
त्या म्हणाल्या, हो, पण तुम्ही शिक्षक नव्हतात, तुम्ही उदाहरण होतात.
हे वाक्य पुस्तकाच्या मागच्या पानावर छापायला परवानगी मागणार आहे.

सोमवार, २२ एप्रिल.
सरकारला बेकरीत सोडलं. भावोजींचा पाय बरा झालाय, पण मीच आग्रह धरला. तिथल्या एका बाईंशी तिने माझी ओळख करून दिली. हा माझा मामा. याला आत घेत नाहीत.

रविवार, २८ एप्रिल.
आजचा दिवस महत्त्वाचा. आता मला कारण माहीत आहे. इतकी वर्षं पत्त्यांत मी का हरलो, तर भुवया. आज सरकारकडून तिची जादा टोपी मागून घेतली आणि डोळ्यांपर्यंत ओढून खेळायला बसलो. भावोजींना ठसका लागला. मी निर्विकार.

दोन राण्या म्हणालो. होते चौकट आणि किलवरचे छक्के. आवाज स्थिर, टोपी जागच्या जागी.
भावोजी घुटमळले. हीसुद्धा घुटमळली. आयुष्यात प्रथमच!
सरकार नेहमीसारखी भावोजींच्या खुर्चीच्या हातावर बसून माझ्याकडे बघत होती. वाकून तिने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.
चॅलेंज.

पाचही डाव हरलो. शेवटी पत्ते टाकले आणि तिला विचारलं, आता काय दिसतंय तुला? ती म्हणाली, कान. खोटं बोललास की लाल होतात. ताई म्हणाली, अरे, ती लहान असल्यापासून आम्हाला सांगते, आम्हाला तरी कुठे कळत होतं आधी. म्हणजे भुवयासुद्धा यांना तिनेच दाखवल्या होत्या. सगळ्यांना माहीत. मला सोडून.

मग सरकारने टोपी परत मागितली आणि झोपायला निघून गेली. सकाळी लवकर कामावर जायचं असतं तिला, आमच्यासारखं नाही.

घरी येताना हिला सांगितलं, ठरलं, उद्यापासून केस वाढवणार, कान झाकेपर्यंत.
ही म्हणाली, कुठले?